छत्रीवाल्याचा पणतू

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो: बाक माझ्या वजनाने मोडला नाही. माझं वजन एक्क्याण्णव किलो आहे हे खरं, पण त्या बाकाने दीडशे वर्षांत याहून भारी माणसं पेलली असणार. बाक मोडला तो माझ्या गोष्टीमुळे. तरुणपणी लालबागला चालत्या डबलडेकरच्या वरच्या मजल्यावरून मी केळ्यांच्या हातगाडीवर उडी मारली होती, ती गोष्ट मी ॲलिस्टरला सांगत होतो. (ॲलिस्टरने ती गेल्या चाळीस वर्षांत साधारण साठ वेळा ऐकली आहे. पहिल्यांदा सांगितली तेव्हा बस थांबलेली होती आणि मी जिन्याने उतरलो होतो. पण गोष्ट म्हणजे काही दगड नव्हे, ती वाढते.) उडीच्या जागी आलो आणि भरात मी बसल्या बसल्या ती मारून दाखवली. वर जाताना मी एकटाच गेलो. खाली येताना मधल्या दोन फळ्या सोबत आल्या.

हे घडलं आमच्या हॅरियट गार्डनमध्ये. राणीच्या काळात कुण्या साहेबाने बायकोच्या नावाने ही बाग केली. आमच्या लोकांनी पहिल्याच वर्षी तिची हरीबाग करून टाकली असणार. मध्ये बँडस्टँड, तिथे आता हसणाऱ्यांचा क्लब असतो. एका कडेला घड्याळाचा मनोरा, त्यात घड्याळ आहे, वेळ नाही. आमच्या बाकासमोर पाच-सहा पावलांवर कुण्या पारशी शेटने बांधलेली दगडी पाणपोई, पाण्याशिवाय. आणि पलीकडे काळ्या दगडाचा, टोकदार कमानींचा जुना दवाखाना, ज्यात आता कचेऱ्या भरतात. थोडक्यात, सगळ्या वस्तू जागच्या जागी आहेत, फक्त आपापलं काम करत नाहीत. माझ्यासारख्या निवृत्त माणसाला ही बाग का आवडते, हे वेगळं सांगायला नको.

तर मी बाकाच्या पोटात अडकलेला, पाय वर, चष्मा ॲलिस्टरच्या मांडीवर. आणि वीस पावलांवर काठी टेकत कार्मेन उभी. कार्मेन ही ॲलिस्टरची बायको. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. डॉक्टरने रोज चालायला सांगितलेलं. फाटकापासून या बाकापर्यंत दोनशे बारा पावलं. ॲलिस्टरने मोजली होती. तो गोदीत फोरमन होता, मोजल्याशिवाय त्याचा कशावर विश्वास बसत नाही. दोनशे बारा पावलं यायचं, वीस मिनिटं बसायचं, दोनशे बारा परत जायचं. तिचा सगळा हिशेब या बाकावर होता, कारण या वाटेवर दुसरा बाक थेट बँडस्टँडपलीकडे, याच्या तिप्पट लांब.

"रघू, मेल्या," कार्मेन म्हणाली, "आता मी कुठे बसू? तुझ्या डोक्यावर?"

"तिथे पण पोकळ आहे," ॲलिस्टर म्हणाला.

"हसू नको तू. रघू, तू मोडलास, तू दुरुस्त करायचा. समजलं?"

मी आडवा होतो, आणि आडव्या माणसाने वाद घालायचा नसतो. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कार्मेन आली, दोन मिनिटं काठीवर उभी राहिली आणि ओठ आवळून परत गेली. तिसऱ्या दिवशी ॲलिस्टर एकटाच आला. "खिडकीत बसलीय," तो मनोऱ्याकडे बघत म्हणाला. "म्हणते, बाक झाला की बोलव. डॉक्टर म्हणतो, आता चालली नाही तर गुडघा तसाच राहणार." ॲलिस्टर हा माणूस दिवसभर माझी खेचतो. त्या दिवशी त्याने माझी खेचली नाही, तेव्हा मला खरं लागलं.

आमची चाळ पाडून तिथे बावीस मजली टॉवर झाला, पण सल्ले तेच राहिले. पूर्वी ते गॅलरीतून यायचे, आता मोबाइलवर येतात. मी ग्रुपवर विचारलं आणि संध्याकाळपर्यंत सत्तेचाळीस उत्तरं आली. एकाने लिहिलं, गुडघ्याला तिळाचं तेल लावा. एकाने, बाकाला तिळाचं तेल लावा. अठराव्या मजल्यावरच्या व्हेनेसाने एकटीने शहाणपणाचं लिहिलं: अंकल, फोल्डिंग खुर्ची न्या.

नेली. फाटकावर मनू रखवालदाराने अडवली. "काका, फर्निचर आत न्यायला मनाई."

"अरे, ही खुर्ची आहे."

"मग खुर्ची म्हणजे काय झाडपाला आहे?"

ॲलिस्टरने मग त्याच्या पद्धतीने प्रश्न सोडवायचा ठरवला. आम्ही दोघं रे रोडला लाकडाच्या वखारीत गेलो. कुठल्यातरी पाडलेल्या बंगल्याचं जुनं सागवान होतं, त्यातून त्याने दोन फळ्या निवडल्या. निवडल्या म्हणजे ठोकल्या, हुंगल्या, एकीला जवळजवळ चावला. मी मध्ये मध्ये "हे बर्मा आहे" असं म्हणत होतो. काही कळत नसलं की लाकडाच्या बाबतीत हे म्हणावं. फळ्या घेऊन आलो, स्क्रू काढले, आणि स्क्रूड्रायव्हर लावणार एवढ्यात मनू पुन्हा हजर. सरकारी वस्तूला हात लावायचा नाही. चौकीत चला.

चौकीत जाईबाई होत्या. बागेचं रजिस्टर त्यांच्याकडे. त्यांनी चष्मा पुसला, पान उघडलं, आणि नोंदलेले बाक बोटाने मोजले. रजिस्टरात अडतीस. मनूला पाठवून बागेतले मोजले. एकोणचाळीस.

"सगळे अडतीस चांगले आहेत," जाईबाई म्हणाल्या. "तुमचा बाक नोंदीत नाही."

"अहो, पण मी त्याच्यावर पंचवीस वर्षं बसतोय."

"तुम्ही कशावर बसत होता ते मी कसं सांगू? नोंदीत नाही म्हणजे नाही. दुरुस्ती कशाची करणार?"

"नाहीच आहे, तर आमचा आम्ही करतो."

"नाही असं कसं? नोंदीत नसलेलं लोखंड बेवारस. पंधरा तारखेला भंगारची गाडी येते, तेव्हा जाईल."

या वाक्यावर मी आजही विचार करतो. दुरुस्त व्हायला तो बाक अस्तित्वात नव्हता, भंगारात जायला होता. असं नशीब मी आमच्या विमा कचेरीत फक्त स्वतःचं पाहिलं होतं.

जाईबाईंना मात्र दया आली. त्या म्हणाल्या, दवाखान्याच्या इमारतीत वरच्या मजल्यावर जुन्या वस्तू जतन करणारा कक्ष आहे, तिथे जयवंतसाहेब बसतात. त्यांनी शिक्का मारला तर भंगारवाला हात लावू शकत नाही.

जयवंतसाहेब चाळिशीचे, खादीचा झब्बा, आणि डोळ्यांत ते एक तेज, जे पगारासाठी काम न करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत असतं आणि ज्याची मला फार भीती वाटते. बाकाचा फोटो पाहून ते हळहळले. सिंहाचे पंजे, द्राक्षांची पानं, ओतीव काम, वा वा! "पण काका, नुसतं जुनं असून भागत नाही. जुने तर तुम्हीही आहात."

"बरोबर," ॲलिस्टर म्हणाला.

"इतिहास लागतो. हा अर्ज. रकाना नऊ, वस्तूचा इतिहास, किमान दोनशे शब्द. रकाना अकरा, अर्जदाराचा वस्तूशी संबंध. परवा समितीची बैठक आहे."

रात्री जेवणं झाल्यावर मी रकाना अकरापासून सुरुवात केली. खरा संबंध लिहायचा तर 'अर्जदार वस्तूच्या आत पडला' असं लिहावं लागलं असतं. रकाना नऊ तर कोराच होता. आणि कोरा रकाना माझ्यासमोर ठेवणं म्हणजे काय, हे जयवंतसाहेबांना माहीत नव्हतं. मी खोटं बोलत नाही हो. मी फक्त जिथे काहीच नसतं तिथे काहीतरी ठेवतो.

मी लिहिलं की मनोरा बांधून झाला, पण घड्याळ विलायतेहून बोटीने यायचं होतं आणि बोट तीन वर्षं आली नाही. लेडी हॅरियट रोज या बाकावर बसून रिकाम्या मनोऱ्याकडे बघत राहायच्या. इथपर्यंत छान झालं होतं. इथेच थांबलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण रकाना अकरा होता ना! मग मी बाकाच्या शेजारी माझे पणजोबा उभे केले. मुकुंद त्यांचं नाव. लेडीसाहेबांवर छत्री धरणारा पट्टेवाला. ते इतके ताठ आणि इतके निश्चल उभे राहायचे की लोक त्यांच्या छत्रीच्या सावलीवर वेळ सांगू लागले. सावली पाणपोईच्या पायरीला लागली की आठ. गिरण्यांचे भोंगे त्या सावलीवर लागायचे. तीन वर्षं अख्खं गिरणगाव माझ्या पणजोबांच्या छत्रीवर चाललं! आणि शेवटी, हात थांबेना म्हणून, एक वाक्य टाकलं: 'या तीन वर्षांत ते एकदाही खाली बसले नाहीत.'

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

सकाळी मालनने, म्हणजे माझ्या सौभाग्यवतीने, अर्ज वाचला. ती चहाचा कप ठेवून म्हणाली, "अहो, तुमच्या घराण्यात सात पिढ्या हेडक्लार्क. आणि तुम्ही पणजोबांना पट्टेवाला केलंत?"

"हेडक्लार्क बागेत छत्री घेऊन कसा उभा राहील?"

"मग घड्याळजी करायचे. नाहीतर साहेबाचे सल्लागार. खोटंच लिहायचं तर जरा बरं तरी लिहा!"

पुरावा म्हणून जुना फोटो असल्यास जोडावा, असं अर्जाखाली लिहिलेलं होतं. आमच्याकडे पणजोबांचा फोटो नाही. म्हणून मी फणसवाडीला चुलतबहीण मृणालिनीकडे गेलो. तिच्या दिवाणखान्यात पगडीवाल्या, झुपकेदार मिशांच्या एका गृहस्थाची तसबीर आहे. लहानपणापासून मी त्यांना नमस्कार करत आलोय.

"हे घेऊन जातो गं दोन दिवस. मुकुंदपणजोबा ना?"

"कोण पणजोबा? अरे रघू, फ्रेम चांगली होती म्हणून बाबांनी जुन्या बाजारातून आणलेली. माणूस आतच होता."

साठ वर्षांचे माझे नमस्कार कुणाला पोचले देव जाणे. पण मिशा पट्टेवाल्याला शोभण्यासारख्या होत्या. नेला.

समितीने अर्ज एकमताने मंजूर केला. एक सदस्य म्हणे वाचताना गहिवरले. भंगारची गाडी पंधरा तारखेला आली आणि रिकामी गेली. महिन्याभरात कारागीर आला, लोखंड घासलं, हिरवा रंग दिला, आणि फळ्या बसवल्या त्या ॲलिस्टरच्याच. जुनं सागवान शोधूनही त्याहून बरं मिळालं नाही. ॲलिस्टर तीन दिवस कारागिराच्या मागे उभा राहून त्याला स्क्रू कसा फिरवायचा ते सांगत होता. मी ग्रुपवर फोटो टाकला. सत्तेचाळीस अंगठे आले.

उद्घाटनाच्या सकाळी कार्मेन आली. ठिपक्यांचा फ्रॉक, मोत्यांची माळ, हातात माझ्यासाठी तिने तळलेल्या फुग्यांचा, म्हणजे गोडसर पावाच्या गोळ्यांचा, डबा. महिनाभर खिडकीत बसून पाय आखडला होता. फाटकापासून निघाली ती दर दहा पावलांना थांबत. आम्ही दोघं दोन्ही बाजूंनी चालत होतो, तिला न धरता, कारण धरलेलं तिला चालत नाही. एकशे नव्वद. दोनशे. दोनशे दहा.

बाक झगमगत होता. त्याच्या चारी बाजूंना पितळेचे खांब आणि लाल मखमली दोर होता. पुढे संगमरवरी पाटी: लेडी हॅरियट, मनोरा, छत्री, सावली, 'ते एकदाही खाली बसले नाहीत', सगळं माझं वाक्य न् वाक्य. खाली ठळक अक्षरांत: ऐतिहासिक वारसा. कृपया बसू नये.

जयवंतसाहेबांनी माझ्या गळ्यात हार घातला.

कार्मेनने पाटी वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. फुग्यांचा डबा माझ्या हातात दिला आणि वळली. परतीची दोनशे बारा पावलं तिने कशी काढली ते मी बघितलं नाही. हाराच्या फुलांकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्याचा जिना चढून जयवंतसाहेबांसमोर उभा राहिलो. म्हटलं, "साहेब, सगळं खोटं आहे. लेडी बसली नाही, पणजोबा उभे राहिले नाहीत. फोटोतला माणूस कोण आहे ते मलाही माहीत नाही. बाक मी मोडला."

साहेब हसले. "काका, किती विनयशील आहात."

"अहो, विनय नाही, मी थापाड्या आहे! कुणालाही विचारा."

"बरं, खोटं असल्याचा पुरावा?"

"पुरावा मी!"

"थापाड्या माणसाचं म्हणणं पुरावा कसं धरणार?" साहेबांनी खण उघडला. "आणि हे पाहा. पाटीची बातमी छापून आल्यापासून दोन अर्ज आलेत. एक परळचे, एक शीवचे. दोघंही म्हणतात, छत्री तुमच्या नाही, आमच्या पणजोबांनी धरली होती. एकाने तर छत्रीही आणून दिलीय."

कपाटाला टेकून खरंच एक छत्री उभी होती. काळी, लाकडी मुठीची, अवाढव्य. तिच्याकडे पाहून क्षणभर मलाही वाटलं की आपले पणजोबा होते.

"मग त्या बाकावर कुणीच कधी बसायचं नाही?" मी विचारलं. "साहेब, माझ्या मित्राच्या बायकोचा गुडघा..." आणि मग मी त्यांना सगळं सांगितलं. पावलं, खिडकी, डॉक्टर. एकाही जागी वाढवलं नाही. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच.

जयवंतसाहेबांनी नियमांची फाइल काढून चाळली. मग म्हणाले, "दोर मी काढू शकत नाही. पण वारशाच्या प्रात्यक्षिकासाठी कलाकारांना दोराच्या आत परवानगी देता येते. तुमच्या लालबागला गणपतीत जिवंत देखावे करतात ना? तसं. रोज सकाळी सात ते आठ. लेडी हॅरियट म्हणून कुणी मिळेल?"

मी जिना उतरलो तो चालत्या डबलडेकरवरून उडी मारल्यासारखा.

कार्मेनला समजावणं सोपं नव्हतं. "मी लेडी? डोळे उघडून बघितलंस मला कधी? मी गोरी आहे?"

"अंधेरीपेक्षा गोरी आहेस," ॲलिस्टर म्हणाला.

"तू गप. रघू, नाटक नाय ना करायचं? बसायचंच ना?"

"फक्त बसायचं. मनोऱ्याकडे बघायचं."

"आणि हा?"

"मी साहेब," ॲलिस्टर म्हणाला. त्याने लग्नातला कोट आणि टोपी काढूनही ठेवली होती. "पेपर वाचत बाजूला बसणार."

"आणि तू?" कार्मेनने मला विचारलं. मग तिला पाटी आठवली, आणि ती जी हसायला लागली ती खोकला येईपर्यंत हसली. महिन्याभरात पहिल्यांदा.

परवानगीचा कागद आला. परवानगी वंशजाच्या नावावर, मुदत एक वर्ष. कलाकार क्रमांक एक, लेडी: ऐच्छिक. क्रमांक दोन, साहेब: ऐच्छिक. छत्रीधारक: अनिवार्य. आणि खाली साहेबांच्या स्वतःच्या अक्षरात टीप, इतिहासाशी प्रामाणिक राहून छत्रीधारकाने कोणत्याही कारणाने खाली बसू नये.

तेव्हापासून रोज सात ते आठ मी दोराच्या आत उभा असतो. डोक्याला मृणालिनीच्या तसबिरीतल्यासारखी पगडी, ओठावर तशाच चिकटवलेल्या मिशा, हातात ती अवाढव्य छत्री, जी शीवच्या माणसाने आणलेली असून माझ्या पणजोबांची आहे. कार्मेन बसते, ॲलिस्टर कोट घालून पेपर वाचतो आणि मधूनच "छत्री डावीकडे घे रे" म्हणतो. आठवड्याभराने मालन बघायला आली. सात पिढ्या हेडक्लार्कांची सून. मला वाटलं, लाजेने मान खाली घालेल. तिने दोर उचलला, आत आली, कार्मेनशेजारी बसली आणि पिशवीतून मेथीची जुडी काढली.

"ही कोण?" मनूने विचारलं.

"लेडीसाहेबांची मैत्रीण," मालन म्हणाली. "इतिहासात नाव राहून गेलंय."

शाळांच्या सहली येतात. मुलं माझ्या मिशा ओढून बघतात. हसणाऱ्यांचा क्लब आता आमच्या बाजूला तोंड करून हसतो. पाठ धरते, हात भरून येतो, पण खाली बसायची सोय नाही. माझ्यापुढेच संगमरवरात कोरून ठेवलंय.

कार्मेनचा गुडघा सुटला. पहिल्यांदा ती लेडीपणा सोडून बँडस्टँडपर्यंत गेली, मग मनोऱ्यापर्यंत. आता काठी घरी असते. ती आणि ॲलिस्टर बागेला पुऱ्या तीन फेऱ्या मारतात, मालनसुद्धा मेथी संपली की त्यांच्याबरोबर जाते. बसायला कुणालाच वेळ नाही. लेडी ऐच्छिक आहे, साहेब ऐच्छिक आहेत. कागदाचे अजून सात महिने बाकी आहेत. म्हणून मी रिकाम्या बाकावर छत्री धरून उभा राहतो.

परवा असाच उभा होतो. तिसरी फेरी संपवून कार्मेन झपाझप समोरून गेली, न थांबता ओरडली, "रघू, किती वाजले?"

मनोऱ्यात घड्याळ आहे, वेळ नाही. आणि हात छत्रीत अडकलेले, मनगट बघता येईना. मी खाली पाहिलं. छत्रीची सावली सरकत सरकत पाणपोईच्या पायरीला नुकती टेकली होती.

"आठ," मी म्हणालो.

ॲलिस्टरने चालता चालता आपलं घड्याळ बघितलं. थांबला. मनगट कानाशी नेऊन हलवलं. पुन्हा बघितलं. मग माझ्याकडे बघून त्याने कोटाचं बटण लावलं आणि टोपी काढली.